व्हाइट कोलच्या रॅमला लेझर क्लॅडिंग करून आणलं, त्याचा अनुभव

आमचा व्हाइट कोलचा, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्यापासून कोळशासारखं जळण करायचा प्लांट आहे, वरोरा-चिमूर रोडवरून जरा आत. सोयाबीनचं कुटार, पऱ्हाटी, तुराट्या, धानाचा कोंडा, हंगामात जे मिळेल ते दळायचं, सुकवायचं आणि ९० एमएमच्या प्रेसमध्ये ठोकून त्याचे कांडे पाडायचे, मग ते बॉयलरवाले नेतात. गोंद-बिंद काही टाकावा लागत नाही, दाबाने आणि घासण्याच्या गरमीने काडीतलं लिग्निन मऊ होते आणि तेच सगळं धरून ठेवते. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी कोळशासोबत ५ टक्के बायोमास जाळायचं धोरण काढलं, तेव्हापासून तं या धंद्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. त्यांना पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या बारीक गोळ्या लागतात, आमचे कांडे नाही, पण कच्चा माल सगळ्यांचा एकच ना. कुटाराचा भाव आपल्या हातात नाही, विजेचा नाही, मग हातात राहते काय तर मशीन बंद पडू न देणे. आणि आमचं मशीन सगळ्यात जास्त बंद राहायचं ते रॅमपायी.

ज्यांनी प्रेस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॅम म्हणजे क्रँकशाफ्टला जोडलेला पोलादी दांडा, आमचा वीसेक किलोचा आहे, मिनिटाला अडीचशेच्या वर वेळा पुढे-मागे होतो आणि दर वेळी पुढ्यात पडलेलं कुटार टेपर डायमध्ये, म्हणजे निमुळत्या साच्यात ठासतो. त्याची पुढची धार गोल व्हायला लागली, अंग झिजून निमुळतं झालं की रॅम आणि त्याच्याभोवतीच्या वेअर रिंगच्या मधल्या फटीतून भुगा मागे यायला लागते, मोटरचे अँपिअर वाढतात, आणि कांडे ढिले पडतात, हातात घेतले की मोडतात. गिऱ्हाईक मग ओलाव्याचं नाव घेऊन पैसे कापते. ओलावा बरोबर असतो, रॅम गेलेला असतो.

झिजते कशाने तर मातीने. कुटार थ्रेशरमधून येते तेव्हा खालची माती-रेती सोबतच येते, चाळलं तरी बारीक राहतेच. रेती म्हणजे क्वार्ट्झ, त्याचा कडकपणा विकर्स या मापात हजार-अकराशेच्या घरात, आणि आमचा रॅम ज्या पोलादाचा आहे ते कितीही पाणी देऊन कडक केलं तरी रेतीच्या खालीच राहते. म्हणजे रेती लोखंडाला ओरखडणारच, त्यात काही इलाज नाही. धानाच्या कोंड्याचं अजून वेगळं, तो जाळला तर १५ ते २० टक्के राख उरते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका. पऱ्हाटीत एवढं काही नसते. मूल, सिंदेवाही, नागभीडकडच्या राइस मिलचा कोंडा स्वस्त पडला म्हणून जास्त टाकला की रॅम लवकर उतरवायला लागायचा, हे आमच्या ऑपरेटरला राखेची टक्केवारी न कळता पण माहीत होतं. आणि बरडी जमिनीतलं कुटार आलं तं त्याच्याहून वाईट.

आतापर्यंतचा इलाज म्हणजे हार्डफेसिंगचा, वेल्डिंगने कडक थर चढवायचा रॉड. फाट्यावर आमचा मिस्त्री आहे, हात चांगला आहे त्याचा, रॅमवर रॉडने थर चढवून द्यायचा, मग लेथवर नाही तर ग्राइंडरने माप काढायचं, की चालू. हंगामात आठवड्या-दीड आठवड्याला हेच. दोन रॅम फिरते ठेवले होते, एक मशीनमध्ये, एक मिस्त्रीकडे. कधी थर झिजायचा, कधी झिजण्याआधीच टवका उडायचा, आणि टवका उडाला की तो आत डायमध्ये जाऊन तिथे वेगळा गोंधळ. मिस्त्रीला म्हटलं तर तो म्हणे याच्यावरचा हार्ड रॉड येते, महाग आहे, तो आणू. तो आणला, तो अजून लवकर उडला. तरी सगळ्यांच्या डोक्यात एकच, की जितकं हार्ड तितकं टिकते.

लेझरचं पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या एका दोस्ताने. तो माजरीकडे एका ठेकेदाराकडे आहे, खाणीतल्या हायड्रॉलिक सिलिंडरची दुरुस्ती करतात ते. त्यांच्याकडे सिलिंडरचे रॉड आधी हार्ड क्रोमचं प्लेटिंग करून आणायचे, आता काही रॉड लेझर क्लॅडिंगला जातात, म्हणजे लेझरने वर वेगळ्या धातूचा थर वितळवून चढवतात आणि तो खालच्या लोखंडाशी जोडलाच जाते, प्लेटिंगसारखा सुटत नाही. त्याने एक तुकडा दाखवला, मी नखाने, मग खिळ्याने ओरखडून पाहिला. दादाला (चुलतभाऊ, प्लांटमध्ये भागीदार) सांगितलं तर तो म्हणे, "हैदराबादले? रॅमले? सोन्याचा करून आनतं का बे?" पण सोयाबीन निघायच्या आधीचा काळ होता, माल कमी होता, मशीन तसंही अर्धा वेळ उभं, म्हणून जाऊ दिलं.

हैदराबाद का तर आम्हाला पुण्यापेक्षा ते सोपं पडते, बल्लारशाहून काजीपेठच्या बाजूने गाडी, रात्री बसलं की सकाळी पोचले. आणि तिथे या कामाचं वातावरण आहे, बाळापूरला एआरसीआय ही केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची संस्था आहे, तिच्यात लेझरने धातूवर काम करायचं वेगळं केंद्रच आहे. आम्ही काही तिथे गेलो नाही, आम्ही गेलो एका खाजगी जॉब शॉपमध्ये, इंडस्ट्रियल एरियातलं मध्यम शेड. रॅम गोणपाटात गुंडाळून सीटखाली. टीसीने विचारलं काय आहे, रॅम म्हटलं तर त्याला वाटलं मी थट्टा करून राहिलो.

तिथे एक मॅडम होत्या, मेटलर्जीच्या इंजिनिअर. मी जाऊन पहिलाच प्रश्न केला की तुमच्या कोटिंगचं किती एचआरसी (रॉकवेल मशीनवरचा कडकपणाचा आकडा) येते. त्या हैदराबादी हिंदीत म्हणाल्या, "हार्ड नक्को पूछो भाई, पहले ये बोलो घिसता कैसा है." आणि मग प्रश्नच प्रश्न. रॅम मालाला ढकलतो की ठोकतो? झीज पुढच्या तोंडावर जास्त की अंगावर? ओरखडे उभे दिसतात की खड्डे पडतात? गरम किती होतो? माल ओला असला तर आत वाफेचे धमाके होतात का? (होतात. ओलावा दहा-बाराच्या वर गेला की डायमधून बंदुकीसारखा आवाज येते, नवा माणूस पळते.) जुना झिजलेला रॅम सोबत आणायला त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला, तोंडाच्या कडेला टवके, अंगावर लांबच्या लांब सरळ रेघा. म्हणाल्या, दोन वेगळे आजार आहेत, एका औषधाने जमणार नाही.

मग लोखंड कोणतं. मशीनवाल्याने कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे हातात धरायची एक्स-रेची गन असते, ती टेकवली की कोणता धातू किती ते दाखवते. निकेल दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम एकच्या थोडं वर, थोडं मॉलिब्डेनम, म्हणजे ईएन २४. त्या गनला कार्बन मात्र दिसत नाही, त्याच्यासाठी दुसरी स्पार्कची टेस्ट लागते, पण बाकीचे तीन जुळले की ग्रेड कळते आणि ग्रेडवरून कार्बन ०.४ च्या आसपास धरतात. हे एवढं का पाहायचं तर ईएन २४ लवकर कडक होणारं पोलाद आहे, लेझरचा ठिपका पुढे गेला की मागचं लोखंड झटकन थंड होते आणि थराच्या अगदी खालचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होऊ शकते. म्हणून रॅम आधी ३०० अंशाच्या आसपास गरम करायचा आणि झाल्यावर सावकाश थंड होऊ द्यायचा. आमच्या मिस्त्रीकडे यातलं काहीच होत नव्हतं, थंड रॅमवर रॉड आणि झालं की पाण्याच्या बादलीत. टवके का उडायचे ते तिथे उभ्या-उभ्या कळलं.

रॉडच्या कामात अजून एक गोष्ट होते म्हणे. हाताच्या वेल्डिंगमध्ये खालचं लोखंड खूप वितळते आणि वरच्या थरात मिसळते, २० ते ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे महागाचा रॉड घेतला तरी पहिल्या थरात चौथा-तिसरा हिस्सा आपलंच जुनं लोखंड. लेझरमध्ये ही मिसळ १० टक्क्यांच्या आत, नीट जमलं तर ५ च्याही खाली ठेवता येते, खाली फक्त पकड बसण्यापुरतं वितळवायचं.

आता थर कशाचा, ते. टंगस्टन कार्बाइडचे बारीक गोल दाणे, साखरेच्या दाण्याहून लहान, ५० ते १५० मायक्रॉन, आणि त्यांना धरणारी निकेलची मिश्र पावडर, तिच्यात क्रोमियम, बोरॉन, सिलिकॉन. दाण्यांचा कडकपणा विकर्समध्ये दोन-अडीच हजाराच्या वर, रेती त्याच्यापुढे काहीच नाही. निकेलचं मिश्रण मात्र ५०० च्या आसपास, म्हणजे रेतीपेक्षा मऊ. मी म्हटलं मग ते मऊ कशाला टाकता, सगळं कार्बाइडच टाका. त्या हसल्या. मला जसं समजलं तसं सांगतो, शेंगदाण्याची चिक्की घ्या. दाणे कडक आहेत पण त्यांना जागेवर धरून ठेवते तो गूळ. गूळ कमी पडला की दाणे सुटतात, गूळ जळला की सगळी चिक्की पट्कन मोडते. थर मोडते किंवा टिकते ते गुळावर.

टक्केवारीचा पण घोळ समजून घेतला पाहिजे, कारण कोटेशनमध्ये "६० टक्के कार्बाइड" असं मोठ्या अक्षरात लिहून देतात. ते वजनाने. कार्बाइड निकेलच्या जवळपास दुप्पट जड, त्यामुळे वजनाने ६० म्हणजे जागेने ४३ च्या आसपास. वजनाने ४० असलं तर जागेने पाव हिस्सा फक्त. मॅडमने ठरवलं ते असं, की खाली सगळीकडे बिनकार्बाइडचा निकेलचा एक लवचीक थर, उशीसारखा म्हणा. त्याच्यावर अंगाला, जिथे नुसतं घासते, तिथे ६० चा थर. आणि तोंडाला व कडेला, जिथे ठोका बसतो, तिथे ४० चाच. तोंडाला ६० लावला तर घासायला तो जास्त टिकेल पण ठोक्याने फुटेल, आणि फुटलेला हार्ड थर कोणाच्या कामाचा.

पावडरचा भाव ऐकून मी जरा पाणी प्यायलो. टंगस्टनचं जगातलं ८० टक्क्यांच्या आसपास खाणकाम एकट्या चीनमध्ये होते, तिकडे भाव हलला की इथे हलला. गंमत म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्यात कुही तालुक्यात, खोबणा-आगरगावच्या पट्ट्यात, टंगस्टनचं खनिज भूवैज्ञानिकांना सापडलेलं आहे. कुहीहून मिरची येते एवढंच मला माहीत होतं.

त्यांनी सरळ रॅमवर काम सुरू केलं नाही, आधी ईएन २४ च्या ठोकळ्यांवर ट्रायल घेतली, आणि मला वाटते सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथेच. एका तुकड्यावर मुद्दाम पॉवर जास्त ठेवून थर चढवला, दुसऱ्यावर पॉवर कमी आणि खालून तापवणं बरोबर. दोन्ही वरून पाहायला सारखेच, उलट पहिला जास्त गुळगुळीत, चकचकीत. मला कोणता घेता विचारलं असतं तर पहिलाच उचलला असता. मग दोन्ही आडवे कापले, घासले, पॉलिश केले, मायक्रोस्कोपखाली ठेवले. दुसऱ्यात गोल गोल दाणे, अख्खे, वरपासून खालपर्यंत बऱ्यापैकी सारखे पसरलेले. पहिल्यात वरच्या अर्ध्यात दाणेच नाहीत, सगळे जड म्हणून तळाला बसलेले, आणि जे आहेत त्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या. कार्बाइडचा दाणा वितळायला २,८०० अंशाच्या आसपास लागतात आणि निकेलचं मिश्रण हजार-साडेदहाशेलाच वितळते, म्हणजे नीट केलं तर निकेल पातळ होते आणि दाणा तसाच राहते. पण डबकं जास्त तापलं आणि जास्त वेळ पातळ राहिलं की दाणा कडेने विरघळायला लागते, त्यातलं टंगस्टन आणि कार्बन निकेलमध्ये उतरते आणि थंड होताना लोखंड-क्रोमियमसोबत नवीनच काहीतरी ठिसूळ कार्बाइड तयार होतात, मायक्रोस्कोपखाली झाडाच्या फांद्यांसारखे दिसतात ते.

आणि आता कडी ऐका. रॉकवेलवर दोन्ही तुकडे घेतले तर त्या बिघडलेल्या तुकड्याचा आकडा जास्त आला! कारण विरघळलेल्या कार्बाइडने मधलं निकेलच कडक करून टाकलं. म्हणजे मी जो प्रश्न घेऊन गेलो होतो, एचआरसी किती, त्याच्या उत्तरात बिघडलेला माल पास आणि चांगला माल नापास. मग लाल रंगाची डाय पेनिट्रंट टेस्ट, आधी लाल पाण्यासारखं औषध मारायचं, पुसायचं, वर पांढरा फवारा, भेग असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पहिल्या तुकड्यावर आडव्या लाल रेघा. दुसऱ्यावर ६० च्या भागात एखादी पुसट, ४० च्या भागात काहीच नाही. मॅडम म्हणाल्या की नुसत्या घासायच्या कामाला ६० च्या थरात एखादी बारीक आडवी भेग बरेच जण चालवून घेतात, तुमच्याकडे ठोका आहे म्हणून तापमान अजून थोडं वाढवू. भेगा येतात त्याचं कारण सगळं एका मापाने आकसत नाही, निकेल गरमीने जितकं फुगते-आकसते त्याच्या अर्ध्याहून कमी कार्बाइड. थंड होताना एक ओढते, दुसरं येत नाही.

मग रॅम. आधी लेथवर जुना रॉडचा थर पूर्ण काढला आणि वर थर बसेल एवढी जागा करून घेतली. मग चुंबकाच्या पावडरने मूळ लोखंडात भेग आहे का ते पाहिलं. माझ्या दोन रॅमपैकी एकात निघाली, खोल, तोंडापासून आत गेलेली. तो बाद. तो तसाच चालवत होतो आम्ही, इतके दिवस.

लेझरची खोली वेगळी, बंद, दार उघडं असलं तर मशीन सुरूच होत नाही. आत रोबोटचा हात, त्याच्या टोकाला नोझल, खाली चकमध्ये रॅम आडवा लावलेला. लेझर फायबरमधून येते, कामाला ४ किलोवॉटचं मशीन होतं, आणि हा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, १,०७० नॅनोमीटरच्या आसपासचा, इन्फ्रारेड. दिसते ती वितळलेल्या धातूची पांढरी ठिणगी. दिसत नाही म्हणूनच धोक्याचा, चकाकत्या लोखंडावरून परतून डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत पडदा जळून जाईल. आम्ही बाहेर स्क्रीनवर पाहत होतो. इथे एक बोलून घेतो, आजकाल आपल्याकडे ग्रीलच्या दुकानात हातात धरायच्या लेझर वेल्डिंगच्या मशीन आल्या आहेत, तो पण असाच लेझर आहे, आणि पोरं साधी काळी काच लावून, काही तर तेही नाही, बाजूला उभी राहून पाहत असतात. वेल्डिंगची काळी काच त्या किरणांसाठी बनवलेली नसते. त्याचा चष्मा वेगळा येते, त्याच्यावर नॅनोमीटरचे आकडे लिहिलेले असतात. बाकी काही नका ऐकू पण एवढं ऐका.

काम बघायला मात्र मजा आली. नोझलच्या मधून लेझर आणि चारी बाजूंनी आर्गॉन गॅससोबत पावडर, सगळं बरोबर एका ठिपक्यावर येऊन मिळते. रॅम अगदी सावकाश फिरत होता, एक फेरा व्हायला अर्धा मिनिट, आणि नोझल हळूहळू पुढे सरकत होतं, तीन-चार मिलिमीटर रुंद रेघ, तिच्या अर्ध्यावर दुसरी रेघ, तिच्या अर्ध्यावर तिसरी. एक थर म्हणजे साधारण मिलिमीटरभर, आणि दीडेकशे मिलिमीटर लांबीवर एक थर चढायला अर्धा-पाऊण तास. पावडर सगळी चिकटत नाही, काही उडून खाली ट्रेमध्ये पडते, ती पण बिलात आपलीच. ऑपरेटर मधेमधे तापमान पाहत होता, मग तोंडावर मधून कडेकडे गोल गोल फिरवत ४० चा थर. पावडर आधी ओव्हनमध्ये सुकवून घेतलेली, ओलसर राहिली तर फीडरमध्ये अडकते आणि थरात बुडबुड्यांची छिद्रं पडतात. पावसाळ्यात त्यांना हाच त्रास जास्त म्हणे.

झाल्यावर रॅम लगेच सिरॅमिकच्या लोकरीत गुंडाळून ठेवला, सकाळपर्यंत हात लावायचा नाही. मी शेडच्या बाहेर इराणी चहा पीत बसलो, घरी फोन करून दादाला सांगितलं की काम होते म्हणून, तो म्हणे मशीन उभं आहे लवकर ये.

सकाळी पुन्हा लाल रंगाची टेस्ट, रेघ नाही. मग ग्राइंडिंग. हा थर लेथच्या टूलने कापला जात नाही आणि साध्या पांढऱ्या चाकाने पण नाही, चाकच झिजते. डायमंडचं चाक लागते. बिलाचा चांगला मोठा भाग या ग्राइंडिंगचाच होता हे आधी कोणी सांगत नाही, कोटेशन घेताना विचारा की ग्राइंडिंग धरून की सोडून. आणि ते चांगलं बारीक करून घ्या, कारण कार्बाइडचे दाणे वर खरखरीत राहिले तर रॅमच समोरच्या वेअर रिंगला कानशीसारखा घासून काढते. एकूण खर्च नव्या रॅमच्या किमतीच्या वर गेला, हे पण सांगून ठेवतो.

गावी आल्यावर मिस्त्री स्वतः पाहायला आला. त्याने कानस लावली, मग जोर लावला. "कानस सरकूनच राहिली ना भाऊ, काय लावलं तं याले?" मी त्याला चिक्कीचं सांगितलं. तो म्हणे रॉडमध्ये पण कार्बाइड असते की. असते, खरं आहे त्याचं. फक्त त्याच्याकडे तापवायला काही नाही, थंड करायला बादली आहे आणि मिसळ किती होते ते पाहायला मायक्रोस्कोप नाही. आता तो रॉडचं काम करताना पण आधी टॉर्चने तापवते आणि नंतर गरम राखेत पुरून ठेवते, राखेची तं आपल्याकडे काही कमी नाही. तेवढ्यानेच दुसऱ्या पार्टचे टवके कमी झाले, फुकटात.

लेझरवाला रॅम लावला आणि सोयाबीनचा हंगाम सुरू झाला. आधी जो आठवड्या-दीड आठवड्यात उतरायचा तो सोयाबीन संपून पऱ्हाटी सुरू झाली तरी आत होता. मधून काढून मोजला, अंग जवळपास तसंच, तोंडाची कड थोडी गोल झाली होती, टवका एकही नाही. अँपिअर स्थिर, कांडे टणक. पण एक झालं, रॅम टिकायला लागल्यावर वेअर रिंग आणि टेपर डाय आधी जायला लागले. आधी त्यांची झीज रॅमच्या झिजेआड लपायची, रॅम उतरवतानाच तेही बदलून टाकायचो. आता मशीन त्यांच्यासाठी उभं करायला लागते. तरी आधीपेक्षा कितीतरी कमी वेळा, दादाने हिशोब मांडला आणि मग गप्प बसला, म्हणजे पटलं.

सगळ्यालाच लेझर लावायचं का तर नाही. आमच्या ग्राइंडरचे हॅमर आहेत, पातळ, भरपूर, स्वस्त, एक बाजू झिजली की पलटवून लावायचे. त्यात कधी कुटारात दगड येते, कधी ट्रॅक्टरचा नट, असल्या ठोक्याला कार्बाइडचा थर लावून पैसे घालवण्यात अर्थ नाही, तिथे रॉडच बरा. रोटावेटरच्या पात्यांसाठी पण दोघा-तिघांनी विचारलं, त्यांना हेच सांगितलं, की पात्याची किंमत बघा आणि क्लॅडिंगचं बिल बघा. पार्ट महाग असला, उतरवायला वेळ जात असला आणि झीज मुख्यतः घासण्याची असली तरच हे परवडते.

भेग निघालेला रॅम भंगारात टाकला, त्याच्या जागी नवीन घेतला आणि तो वापरायच्या आधीच ट्रान्सपोर्टने तिकडे पाठवून दिला, सोबत मागच्या कामाचा कागद, कुठे ६०, कुठे ४०, किती तापवलं होतं ते सगळं लिहिलेला. आता अडलं आहे ते टेपर डायचं. बाहेरून थर चढवणं सोपं, आतल्या भोकात मात्र वेगळं लांब बारीक तोंड लागते, ते त्यांच्याकडे नाही, ते म्हणतात सुरुवातीचा तोंडाजवळचा भाग तिरपं धरून करून देऊ, पुढचं नाही. पुण्याकडे आतून करणारे आहेत असं कळलं. ९० च्या बोअरमध्ये कोणी आतून क्लॅडिंग करून घेतलं असेल तर तोंड किती खोल जाते आणि ग्राइंडिंग धरून रेट काय लावला तेवढं सांगा.